व्हॅनमधला मुक्काम आणि डास : सोलापूरच्या उकाड्यात नेमके काय उपयोगी पडते?

होटगीकर
आमच्या जुन्या ईको गाडीतली मागची आसने काढून तेथे फळ्यांचा पलंग बसवला आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एकेका रात्रीचे मुक्काम करावेत असा बेत आहे. माचणूरचा घाट, हत्तरसंग कुडलचा संगम, करमाळ्याकडचा उजनीचा काठ आणि थंडीत मंगळवेढ्याच्या एखाद्या शेतावर हुरडा, अशी ठिकाणे मनात आहेत. बरोबर पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि अधूनमधून आई असेल.

अडचण डासांची आहे. काचा लावून झोपावे तर आपल्याकडे ऑक्टोबरातही रात्री उशिरापर्यंत पत्रा निवत नाही, आणि काचा उघडाव्यात तर नदीकाठचे डास आत येणार. दुकानात विचारले तर कोणी कॉइल, कोणी द्रवाची बाटली, कोणी निळ्या दिव्याचे यंत्र, तर कोणी चक्क मोबाइलवरचे ॲप सुचवतो. ज्यांनी गाडीत रात्री काढल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे : गाडी कोठे उभी करावी, जाळी कशी बसवावी आणि लहान मूल आत असताना कोणते औषध चालते?

भीमाकाठ
जाळी आणि औषध यांच्या आधी जागेचा विचार करावा, कारण चुकीच्या जागी गाडी लावली तर पुढचे सगळे उपाय अपुरे पडतात. मोठे पाणी दिसले की तेथे डास असणारच, असा आपला समज असतो. पण ज्या काठावर लाटा आपटतात तेथे डासांच्या अळ्या टिकत नाहीत. त्यांना निवांत, उथळ, गवताने वेढलेले पाणी लागते. उजनीचा उघडा, खडकाळ काठ त्यामुळे बराच सुसह्य असतो, आणि त्याच जलाशयाची जलपर्णीने भरलेली, वारा न लागणारी एखादी खाडी मात्र असह्य होते. जनावरे पाण्यावर येतात त्या वाटेवर त्यांच्या खुरांच्या खळग्यांत साचलेले पाणीही डासांना पुरते.

भीमेच्या पात्राचे गणित आणखी वेगळे आहे. सोलापूरला पिण्यासाठी आणि शेतीसाठी उजनीतून आवर्तन सुटते तेव्हा नदी वाहती असते. आवर्तन बंद झाले की पात्रात डबकी उरतात, आणि आपल्या हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून माचणूरला किंवा कुडलला जाण्यापूर्वी पाणी सुटून किती दिवस झाले आणि ते अजून वाहते आहे का, हे गावातल्या कोणालाही विचारून घ्यावे. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला साठलेल्या पाण्यापाशी मी तरी मुक्काम करत नाही.

गाडी पाण्यापासून दूर, थोड्या उंचवट्यावर आणि वारा लागेल अशी लावावी. उसाच्या फडाला खेटून तर अजिबात लावू नये, कारण डास दिवसभर अशाच दमट सावलीत बसून असतात आणि तिन्हीसांजेला तेथूनच बाहेर पडतात. दूर लावल्याने डास संपत नाहीत हेही खरे आहे, कारण गटारातल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास एक-दोन किलोमीटर सहज येऊ शकतो. म्हणूनच घाट कितीही सुंदर असला तरी गावाचे सांडपाणी जेथे नदीला मिळते, ती बाजू टाळावी.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डास माणसाचा माग काढतो तो मुख्यतः श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि घामाच्या वासावरून, आणि हा वास वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्यामुळे गाडीच्या ज्या बाजूने वारा बाहेर पडतो त्या बाजूला डास गोळा होतात. चढण्या-उतरण्याचे दार शक्यतो वारा येतो त्या बाजूला ठेवावे. ऑक्टोबरनंतर आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो, पण प्रत्यक्ष जागेवर चिमूटभर माती उडवून पाहणे चांगले.

उजनीवर पहिल्यांदा मुक्काम करणारी माणसे दिव्याभोवती जमलेला किड्यांचा ढग पाहून घाबरतात. त्यातले पुष्कळसे किडे डासासारखे दिसत असले तरी रक्त पिणारे नसतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात आणि त्यांना चावण्याजोगी सोंडच नसते. दिवा मंद व पिवळसर ठेवला आणि दारापासून लांब टांगला की त्यांचा त्रास कमी होतो. डास मात्र दिव्यासाठी येत नाही, तो तुमच्यासाठी येतो.

शिलाईयंत्र
भीमाकाठ यांनी जागेचे सांगितले, मी जाळीचे सांगते, कारण माझ्या मते खरा उपाय तोच आहे. आपल्याकडच्या उकाड्यात काचा बंद ठेवणे शक्य नाही, त्यामुळे हवा आत येईल आणि डास येणार नाही अशी व्यवस्था केली की निम्म्याहून अधिक प्रश्न मिटतो. बाकीचे उपाय त्याच्या जोडीला असावेत, त्याच्या जागी नव्हेत.

कापड निवडताना छिद्रांचा आकार पाहावा. मच्छरदाणीच्या कापडात एका चौरस इंचात साधारण १५६ छिद्रे असतात आणि डास अडवायला तेवढी पुरतात. खिडक्यांना लावतात ती फायबरची जाळी, म्हणजे इंचाला अठरा बाय सोळा दोऱ्यांची, त्याहून बारीक आणि टिकाऊ असते. चिलटे आणि वाळूमाश्या अडवायच्या असतील तर याहून बारीक कापड मिळते, पण त्यातून वारा फारच कमी येतो आणि मग जाळी लावूनही माणूस घामाने भिजतो. चार माणसे झोपणार असतील तर मधल्या जाडीचेच घ्यावे. चाटी गल्लीत मीटरवर मच्छरदाणीचे कापड मिळते. रंग काळा किंवा करडा घ्यावा, कारण पांढऱ्या जाळीतून आतला माणूस झाकला जातो खरा, पण बाहेरचे काहीच नीट दिसत नाही.

आता बसवण्याविषयी. खिडकीपेक्षा चारही बाजूंनी चार बोटे मोठा तुकडा कापावा, कडेला दुहेरी पट्टी मुडपून शिवावी आणि त्या पट्टीत एकेक वीत अंतरावर लहान पण जोरदार लोहचुंबक शिवून टाकावेत. जाळी बाहेरून लावावी, म्हणजे काच आतून खालीवर किंवा मागेपुढे सरकवता येते आणि पाऊस आला तर जाळी काढावी लागत नाही. आधी एक चुंबक हातात घेऊन गाडीभर फिरवून पाहावा. पत्र्याला तो चिकटतो, पण प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आणि रबरी बीडिंगवर चिकटत नाही, आणि नेमक्या तेथेच फटी राहतात. अशा ठिकाणी वेलक्रोची पट्टी चिकटवावी. स्वस्त वेलक्रोचा गोंद आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात वितळून खाली येतो, म्हणून ती चिकटवून वर चार टाकेही घालता आले तर पाहावे.

सरकत्या दाराला दोन पदरी पडदा शिवावा. दोन्ही पदर मध्यभागी हातभर एकमेकांवर यायला हवेत आणि तळाशी शिसाची किंवा साखळीची वजने हवीत, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने पडदा उडतो. चेन लावलेला पडदा दिसायला छान दिसतो, पण रात्री लघवीला उठलेले मूल ती चेन पुन्हा लावत नाही. मागचे दार उघडे ठेवून झोपायचे असेल तर त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत घागऱ्यासारखी घेरदार जाळी सोडावी आणि तिचा खालचा काठ दगडांनी दाबावा.

अंगाला जाळी लागू देऊ नये. डास जाळीवर बसून छिद्रातून सोंड घालतो, आणि अरुंद गाडीत पाय किंवा कोपर जाळीला टेकणे अगदी सहज घडते. गादी आणि बाजूची जाळी यांच्यामध्ये आपली सोलापुरी चादर घडी करून उभी लावून ठेवली की अंतरही राहते आणि डोक्याला पत्रा लागत नाही. पातळ टी-शर्ट किंवा अंगाला घट्ट बसणारे कापड घालून झोपू नये. त्यातूनही डास चावतो. सैल, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

बारा व्होल्ट
जाळीच्या जोडीला पंखा हवाच, आणि तो उकाड्याइतकाच डासांसाठीही हवा. डास फार हलका आणि हळू उडणारा कीटक आहे. साध्या टेबलपंख्याच्या झोतातही त्याला नीट उतरता येत नाही. शिवाय पंख्यामुळे आपल्या श्वासाचा माग विस्कटतो. झोत पायांकडून डोक्याकडे सर्व अंगावरून जाईल असा लावावा, फक्त तोंडावर नव्हे.

विजेचा हिशेब साधा आहे. यूएसबीवर चालणारा लहान पंखा साधारण ५ वॅट घेतो आणि २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची चांगली पॉवर बँक त्याला रात्रभर पुरते. गाडीच्या मूळ बॅटरीवर दोन-तीन पंखे, दिवे आणि मोबाइल लावून झोपू नये. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ ॲम्पिअर-तासांच्या आसपास असते आणि ती जुनी असेल तर सकाळी स्टार्टर फिरत नाही. माळावर धक्का द्यायला चार माणसे मिळतीलच असे नाही. नेहमी मुक्काम करणार असाल तर वेगळी बॅटरी बसवून घ्यावी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. उकडते म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपू नका. उभ्या गाडीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. अशाने माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

आणखी एक बारकावा असा की डॅशबोर्डमधून बाहेरची हवा आत घेण्याची जी कळ असते, ती मुक्कामी पोहोचल्यावर आतल्या हवेच्या बाजूला करून ठेवावी. सगळ्या खिडक्यांना जाळी लावूनही काही डास आत येत राहिले तर ते बऱ्याचदा त्या वाटेने किंवा मागच्या दाराच्या फाटक्या रबरातून येतात. अंधारात आत दिवा लावून बाहेरून गाडीभोवती एक फेरी मारावी, जेथून उजेड झिरपतो तेथे फट आहे असे समजावे.

कडुलिंब
एवढा खटाटोप करण्याची गरज मला वाटत नाही. आमच्या पिढीने शेतावर, खळ्यावर उघड्यावर रात्री काढल्या. संध्याकाळी गोवऱ्या पेटवून त्यावर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा, त्या धुरीने गोठ्यातली जनावरेसुद्धा शांत उभी राहत. गाडीत धुरी जमत नसेल तर एक कॉइल लावावी आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. लिंबावर लवंगा टोचणे, कापूर ठेवणे असे घरगुती उपायही आहेत.

परिचारिका
कडुलिंब काका, धुरीचा उपयोग उघड्यावर होतो हे मान्य आहे. संध्याकाळी गाडीबाहेर स्वयंपाक चालू असताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला धुरी केली तर तेवढा वेळ डास कमी येतात, आणि मीही ती करते. पण गाडी म्हणजे गोठा नव्हे. तिच्यातली हवा एका लहान खोलीपेक्षाही कमी असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. चार वर्षांचे मूल आणि वयस्कर आई झोपलेल्या गाडीत, गादी आणि पडद्यांच्या शेजारी विस्तव ठेवणे मला कोणत्याही बाजूने पटत नाही. कॉइल लावायचीच असेल तर ती बाहेर, जमिनीवर, बसण्याच्या जागेजवळ लावावी. डास पळवणाऱ्या ज्या स्वस्त अगरबत्त्या मिळतात, त्यांतल्या अनेकांत मान्यता नसलेली कीटकनाशके सापडली आहेत; पाकिटावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती घेऊच नये. कापराच्या वड्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत, कारण त्या गिळल्यास झटके येऊ शकतात.

द्रवाच्या बाटलीचे यंत्र घरातल्या खोलीच्या आकाराला धरून बनवलेले असते. गाडीत इन्व्हर्टरवर ते लावायचेच तर माणसे आत येण्याच्या आधी, काचा उघड्या ठेवून, थोडा वेळ लावावे आणि झोपताना काढावे. रात्रभर बंद गाडीत ते चालू ठेवू नये.

अंगाला लावायच्या औषधाविषयी होटगीकर यांनी विचारले आहे. डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम किंवा फवारा भरवशाचा असतो. डीटचे प्रमाण २० ते ३० टक्के असेल तर काही तास संरक्षण मिळते. टक्केवारी वाढली की मुख्यतः वेळ वाढतो, जोर नव्हे. डीट दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला लावत नाहीत, चार वर्षांच्या मुलीला चालते. मात्र मोठ्यांनी ते आपल्या तळहातावर घेऊन मुलीच्या हातापायांना व मानेला लावावे. तिच्या हाताच्या पंजांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ किंवा खरचटलेल्या जागी लावू नये, आणि जाळीत शिरल्यावर साबणाने धुऊन टाकावे. लेमन युकॅलिप्टसपासून केलेले औषध तीन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. उन्हाचे क्रीम लावायचे असेल तर ते आधी लावावे आणि डासांचे औषध नंतर. डीटने प्लास्टिक, रेक्झिन आणि चष्म्याच्या फ्रेमा खराब होतात, तेव्हा लावलेले हात गाडीच्या आसनांना पुसू नयेत. सुती कापडाला त्याने काही होत नाही.

आजारांविषयी घाबरवण्याचा हेतू नाही, पण कोणता डास केव्हा चावतो हे माहीत असावे. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोग जुना आहे आणि तो पसरवणारा क्युलेक्स रात्री चावतो. त्या रोगाचे जंतू रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रक्ताचे नमुने रात्री घेतात. तो रोग बहुधा दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा चावल्यानंतर होतो, त्यामुळे एका मुक्कामाची धास्ती घेऊ नये. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्यापूर्वी चावतो, आणि तो नदीकाठापेक्षा आपल्या अंगणात जास्त असतो. शहरात काही दिवसांआड पाणी येते म्हणून आपण पिंप आणि हौद भरून ठेवतो, तेथेच तो वाढतो. होटगी रोडवर दारात उभ्या असलेल्या गाडीत आसनाखाली, डॅशबोर्डखाली असे डास आधीच बसलेले असतात आणि आपण त्यांना माचणूरपर्यंत घेऊन जातो. निघण्यापूर्वी गाडी झाडून घ्यावी आणि पहिले काही किलोमीटर काचा पूर्ण उघड्या ठेवून जावे.

परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये.

कडुलिंब
कॉइलबाबतचे आपले म्हणणे मान्य आहे, ताई. धुरी मात्र मी सोडणार नाही, ती बाहेरच करीन.

माळरान
ॲपविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळतात या दाव्याला आधार नाही. २००७ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा यंत्रांचे दहा क्षेत्रीय अभ्यास तपासले गेले आणि त्यांमुळे डास चावणे कमी होते असे कोठेही आढळले नाही. निळ्या दिव्याच्या यंत्रात पतंग आणि निरुपद्रवी किडेच जास्त मरतात. विजेची रॅकेट आत शिरलेल्या चुकार डासासाठी उत्तम आहे, परंतु तिच्यातून ठिणगी उडते. गाडीत गॅसची शेगडी असेल किंवा नुकताच डासांचा फवारा मारला असेल तर ती वापरू नये.

होटगीकर
सर्वांचे मनापासून आभार. लोहचुंबकांची जाळी या आठवड्यात शिवायला टाकतो, पंख्यासाठी पॉवर बँक घरात आहेच, आणि कॉइल आईने आग्रह धरला तरी बाहेरच राहील. दोन शंका उरल्या आहेत. कीटकनाशक लावलेले मच्छरदाणीचे कापड वापरावे का? आणि मुक्कामाला पोहोचल्यानंतर कामांचा क्रम कसा ठेवावा? स्वयंपाक, मुलीचे जेवण आणि अंथरूण या गडबडीत दार सारखे उघडे राहणार, हे मला आत्ताच दिसते आहे.

शिलाईयंत्र
औषध लावलेले कापड चांगले, कारण जाळीला एखादे भोक पडले तरी डास त्यावर बसून मरतो. ते उन्हात वाळवू नये आणि नदीत किंवा तलावात मुळीच धुऊ नये, कारण ही औषधे माशांना घातक असतात. घरी मांजर असेल तर ओले कापड तिच्यापासून दूर ठेवावे.

भीमाकाठ
क्रमाचे मी सांगतो. सूर्य मावळण्यापूर्वी निदान तासभर आधी पोहोचावे, आणि शेगडी पेटवण्याच्या आधी जाळ्या लावून अंथरूण घालून घ्यावे. सूर्यास्तानंतरचा पाऊण तास सर्वांत वाईट असतो. त्या वेळेत दार बंदच राहील अशी आखणी करावी, म्हणजे एक तर सगळे बाहेर, अंगाला औषध लावून आणि काकांची धुरी करून, किंवा सगळे आत. आत-बाहेर चालू राहिले की जाळी असून नसल्यासारखी होते. त्यामुळे पाण्याची बाटली, विजेरी, मुलीचे दूध, आईच्या गोळ्या हे सगळे आधीच आत घ्यावे. भांडी धुतलेले पाणी बादलीत साठवून दाराशी ठेवू नये, ते दूर नेऊन कोरड्या जमिनीवर ओतावे. झोपण्यापूर्वी विजेरीने छत आणि आसनांच्या खालचा भाग पाहून आत राहिलेले डास मारून टाकावेत. पोट भरलेला डास भिंतीवरच बसून राहतो, पण उपाशी डास दिवा बंद होताच कानाशी येतो, आणि मग रात्री दोन वाजता अख्खे कुटुंब जागे होते.

कुडलला जाणार असाल तर या महिन्यात थांबा. अजून पात्राच्या कडेला बरीच डबकी आहेत. दिवाळीनंतर माचणूरपासून सुरुवात करा, तेथे वरच्या अंगाला गाडी उभी करण्याइतकी मोकळी, कोरडी जागा आहे.